तीच नावं, तेच आकडे

ऑर्विल टोर्गरसनच्या फाइलमध्ये सात ठिकाणी एकच वाक्य आहे: 'पाच युनिट वाढवा.' सातही ठिकाणी अक्षर माझं आहे. ती फाइल मी अजून मधूनमधून काढते, बघते आणि परत कपाटात ठेवते.

मी एस्तेर साळवी. मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली एकतीस वर्षं मिनेसोटातल्या ह्या गावात आहे. त्यातली एकोणीस वर्षं मूत्रविकाराच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. म्हणजे गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कमरेखालचं सगळं मला माहीत, आणि रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच शेजारी बसून मी भजनं म्हणते. ऑर्विलची गोष्ट मी त्याला विचारूनच सांगतेय. "सांग सगळ्यांना," म्हणाला, "फक्त मला ऐकायला बसवू नकोस."

ऑर्विल चाळीस वर्षं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळायला होता. उंच, वाकलेला, कपाळावर कायम कुठला तरी ठिपका. कुणी 'काय ऑर्विल, कसं काय?' विचारलं की उत्तर ठरलेलं: "तक्रार नाही." छपराला गळती लागली, तक्रार नाही. दाढ काढली, तक्रार नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या डॉक्टरांसमोर बसून त्याने हेच म्हटलं आणि शेजारी बसलेल्या आर्डिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या दंडाला कचकचून चिमटा काढला.

पण रंगाच्या बाबतीत हा माणूस भलताच कडक. माझ्या स्वयंपाकघराची एक भिंत अर्धी रंगवून झाली आणि डबा संपला. मी रिकामा डबा घेऊन दुकानात गेले, म्हटलं, हाच आणखी एक दे.

"भिंतीचा तुकडा आणलास?"

"अरे, डब्यावर नाव आहे, नंबर आहे. तोच दे की!"

"नाव सारखं म्हणजे रंग सारखा नसतो, एस्तेर. तो मार्चमध्ये केला होता, हा आज होणार. जा, तुकडा घेऊन ये."

परत जाऊन सुरीने भिंत खरवडली, दुसरं काय करणार! मग त्याने रंग केला, झाकणावर एक थेंब ठेवला, केस वाळवायच्या यंत्राने सुकवला, माझ्या तुकड्याशेजारी धरला, पुन्हा कसलासा एक टिपूस टाकला, पुन्हा सुकवला. वीस मिनिटं मी ताटकळत उभी. मनात म्हटलं, ह्या माणसाला बायको कशी काय सापडली, निवडता निवडता म्हातारा व्हायला हवा होता. पण भिंतीवर जोड दिसला नाही, आजही दिसत नाही.

तर ऑपरेशन झालं, कॅन्सर गेला आणि त्याच्याबरोबर दुसरंही गेलं. बऱ्याच जणांचं जातं. गोळ्यांनी काही होईना. दीड वर्ष दोघांनी ब्र काढला नाही. शेवटी आर्डिस एकटीच माझ्याकडे आली. पर्स मांडीवर धरून म्हणाली, "एस्तेर, तो आता पलंगाच्या अगदी कडेला झोपतो. मला चुकून हात लागेल म्हणून. एक दिवस पडेल तो खाली." आणि रडायला लागली. सेहेचाळीस वर्षांचा संसार. त्या बाईला काही रंगढंग नको होते, नवरा पलंगाच्या मधोमध हवा होता.

डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. तीन औषधांचं मिश्रण, इन्शुलिनच्या बारीक सुईने स्वतःच जागेवर टोचून घ्यायचं. सुईचं नाव काढलं की पुरुष पांढरेफटक पडतात, पण ऑर्विलचा हात डोळ्यात तेल घालून टिपूस मोजणारा. पहिल्याच खेपेला जमलं. दवाखान्यात फोन करून म्हणाला, "तक्रार नाही," आणि मागून आर्डिसचं हसू ऐकू आलं. एवढं मोकळं हसू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आता हे मिश्रण कुठल्या कंपनीकडून तयार येत नाही. औषध मिसळून देणारी दुकानं असतात, ती आपापल्या हाताने बनवतात. तुरीचं वरण घरोघरी होतं, कुणाचं दाट, कुणाकडे नुसतं पाणी. फरक एवढाच की वरण दिसतं आणि ह्या बाटल्या सगळ्या एकसारख्या दिसतात, पाण्यासारख्या. त्यातलं तिसरं औषध तर नाजूक, उन्हात ठेवलं की मेलंच. फ्रिजमधून हलवायचं नाही.

ऑर्विलने ते लांबच्या एका राज्यातल्या दुकानातून पोस्टाने मागवलं, कारण त्याचा मेहुणा तिथूनच मागवायचा. मेहुणा म्हणजे आर्डिसचा धाकटा भाऊ लाइल. त्याचंही तेच ऑपरेशन आणि तेच दुःख, शिवाय हृदयात दोन जाळ्या बसवलेल्या. पार्सल स्वस्त, साध्या खोक्यात, पाठवणाऱ्याचं नाव नाही, गावातल्या दुकानात तोंड दाखवायला नको. आमच्या माणसांना आणखी काय हवं? ते पार्सल रस्त्याकडेच्या पत्र्याच्या पेटीत जुलैच्या उन्हात पडून राहायचं. आतली बर्फाची पिशवी कोमट.

दहा युनिटवर सुरुवात झाली होती. तीन महिन्यांत फोन आला: "एस्तेर, जरा कमी पडतंय." मी म्हटलं, पाच वाढव. चार महिन्यांनी पुन्हा. पुन्हा पाच. असं करत करत दोन वर्षांत पंचेचाळीस युनिट. डॉक्टर सही करायचे, मी सांगायचे. वय होतंय, नसा थकल्यात, असंच आम्ही धरून चाललो. औषध कुठल्या दुकानातून येतं, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. एकदाही नाही!

मग गेल्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, तो बाटली घेऊन दवाखान्यात आला. उजेडात धरून म्हणाला, "ह्यात काहीतरी तरंगतंय."

मी बघितलं. कापसाच्या तंतूसारखं काहीतरी खरंच तरंगत होतं. हे माणूस अंगात टोचून घेतो! लगेच त्या दुकानाला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी आली.

मी विचारलं, "तुम्ही प्रत्येक घाणा तपासून घेता का? औषध किती आहे, जंतू आहेत का?"

"आमचं पार्सल दोन दिवसांत घरपोच येतं!"

"बाई, मी तपासणीचं विचारतेय."

"आणि खोक्यावर काही लिहिलेलं नसतं!"

"अगं, तपासणीचा कागद आहे का तुझ्याकडे?"

तिने कागद पाठवला. वर तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हटलं, ह्या बाटलीचा पाठव. पुन्हा तोच आला. तिसऱ्यांदा मागितला, तिसऱ्यांदाही तोच! दोन वर्षं सगळ्या बाटल्यांना एकच कागद! मी खुर्चीतून उठलेच. एकोणीस वर्षांत अशी थक्क झाले नव्हते.

रागाने मी लालबुंद. ऑर्विलला म्हटलं, "फेकून दे हे. आजच्या आज रेनाटाकडून घे." रेनाटा ही शेजारच्या मोठ्या गावातली औषधवाली. स्वतः मिसळते, प्रत्येक घाणा बाहेर तपासायला पाठवते आणि कागद आल्याशिवाय बाटली हातात देत नाही. तिच्या दुकानातली पोरं तिला छळवादी म्हणतात. डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी दिली, तिच्यावर 'सांगितल्याप्रमाणे घ्यावे' एवढंच. त्याच रागाच्या भरात मी फाइलींचं कपाट उघडलं, त्या दुकानातून कुणाकुणाचं येतं ते शोधलं आणि एकेकाला फोन लावले. सगळ्यांना एकच: दुकान बदला, ताबडतोब. दुकान बदललं की पुन्हा दहापासून सुरू करायचं, हे मी एकालाही सांगितलं नाही. राग डोक्यात गेला की अक्कल पायात उतरते, ती अशी.

रेनाटाने विचारलं होतं, हे नंतर कळलं. ऑर्विलला काउंटरवर तिने स्वच्छ विचारलं, "हे माझं औषध आहे. आधी कितीही घेत असाल, सुरुवात पहिल्यापासून करायची. डॉक्टरांशी बोललात ना?" पण ऑर्विलच्या मागे रांगेत चर्चच्या गायनातल्या दोन बायका उभ्या! "हो हो हो," म्हणून त्याने पिशवी उचलली आणि पळाला. तिने दिलेला कागद घडीसकट स्वयंपाकघराच्या खणात गेला. घरी त्याने दोन्ही बाटल्यांची लेबलं शेजारी शेजारी धरली. तीच तीन नावं, तेच आकडे. म्हणजे तेच औषध. पंचेचाळीस.

त्या शनिवारी आमच्या चर्चच्या तळघरात माशाचं जेवण होतं. वर्षातून एकदा असतं, क्षाराच्या पाण्यात फुगवून थलथलीत केलेला सुका मासा, वर वितळलेलं लोणी. बारा गावची माणसं येतात. कामं महिनाभर आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेली असतात, आणि त्या कागदावर नाव असलेला माणूस मेल्याशिवाय सुट्टी घेत नाही. ऑर्विलचं नाव लोण्यावर, बारा ते चार. मी बटाट्याच्या पोळ्यांवर. मिरजेची आहे म्हणून मला लाटायला बसवलं, ती आजतागायत.

सकाळी साडेनऊला, कॉफी झाल्यावर, त्याने इंजेक्शन घेतलं. आर्डिसच्या भाषेत 'जमलं, आणि मग जमलेलं हटेना.' अकरा वाजले, तसंच. साडेअकराला दोघं चर्चला आले. चार तास होऊन गेले तर थेट हॉस्पिटल, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते, त्यालाही सांगितलं होतं. आर्डिसने दीड वाजता त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "चारपर्यंत नाव लिहिलंय."

मी पोळ्या वाढताना त्याला बघितलं. लांब एप्रन, हातात डाव, चेहरा पिठासारखा, कपाळावरून घाम. तरी प्रत्येक ताटावर लोणी घालतोय आणि हसतोय.

"ऑर्विल, बरा आहेस ना?"

"तक्रार नाही."

"घाम फुटलाय तुला."

"लोणी गरम आहे, एस्तेर."

मला वाटलं, वय झालंय, दमला असेल. माझी अक्कल पुन्हा शेण खायला गेली. चार वाजता आर्डिसने मला भांड्यांच्या मागे ओढलं आणि कानात सांगितलं. साडेसहा तास! माझ्या हातातली पोळी खाली पडली.

"साडेसहा तास? आणि हा लोणी वाढत होता?"

"त्याच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं," आर्डिस म्हणाली. आणि हे बोलताना तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे मी कुणाला समजावून सांगू?

दोघांना गाडीत कोंबलं. पन्नास किलोमीटर मी कशी चालवली माझं मला माहीत. ऑर्विल मागच्या सीटवर आडवा, दात ओठांत रुतवून. मध्येच म्हणाला, "माझंच काहीतरी बिघडलंय. औषध तर नेहमीचंच होतं." मी गाडी लावायला गेले तेवढ्या वेळात तो काउंटरवर पोचला होता. काउंटरमागे जी पोरगी होती, तिला त्याने लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. मी येऊन बघते तर दोघं कोपऱ्यात शांत बसलेले, आणि त्यांच्या आधी एका मनगट मुरगळलेल्या पोराला आत घेतलेलं.

"काय सांगितलंस तिला?"

"पोटात जरा दुखतंय. घाई नाही."

"घाई नाही?" मी एवढ्या जोरात ओरडले की पाणी भरणारा माणूस थांबला. "अरे, तुझं आयुष्यभराचं जातंय आणि तू घाई नाही म्हणतोस! इथे काय चर्चचं जेवण वाढताहेत, 'आधी तुम्ही घ्या' म्हणायला?" आणि मी त्या पोरीला सगळ्यांदेखत, स्पष्ट शब्दांत, काय झालंय आणि किती तास झालेत ते सांगितलं. पोरगी लालेलाल झाली, पण दोन मिनिटांत तो आत होता. ऑर्विलने डोळे मिटून घेतले होते. मी त्याची अब्रू घालवली असंच त्याला वाटलं असणार. वाटू दे.

जाड सुईने साचलेलं काळं रक्त काढलं, औषध दिलं, पुन्हा काढलं. सव्वापाच वाजता उतरलं. बाहेर आर्डिस हातातला रुमाल पिळत बसली होती. तरुण डॉक्टरीण आली. "पावणेआठ तास झाले," म्हणाली. "आत किती इजा झाली ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. पुन्हा कधी होईल का, आज सांगता येत नाही." मी आत्ताच सांगून टाकते: पुन्हा झालं नाही. इंजेक्शनने नाही, कशानेच नाही.

आम्ही आत गेलो. डॉक्टरीण ऑर्विलला विचारत होती, "किती घेतलं होतं?"

"पंचेचाळीस. दोन वर्षांत हळूहळू वाढवत आणलं."

"पंचेचाळीस?" तिने लेखणी खाली ठेवली. "ह्या दुकानाच्या औषधाचं? ह्याचं तुम्हाला दहा पुरलं असतं. आधी तुम्ही जे घेत होतात त्यात औषध होतं तरी का?"

नव्हतंच. रेनाटाने नंतर जुनी बाटली तपासून घेतली, तिसरं औषध दहातला एक भागसुद्धा नव्हतं. दोन वर्षं मी ह्या माणसाला पाणी वाढवायला सांगत होते.

ऑर्विल छताकडे बघत होता. "झाकणावर थेंब ठेवायला हवा होता," तो हळूच म्हणाला. मग एकदम ताडकन उठून बसला, हाताला लावलेल्या नळीसकट.

"लाइल!"

"लाइलचं काय?" आर्डिसने विचारलं.

"त्याची चिठ्ठी अजून झाली नव्हती. मी काल त्याला माझी दुसरी बाटली दिली. तोही चाळीस घेतो. म्हणाला, उद्या मासा उरकला की."

आर्डिसने दोन्ही हात तोंडावर नेले. भाऊ तिचा, हृदयात दोन जाळ्या. मी म्हटलं, "दुसऱ्याला दिलीस? औषध म्हणजे काय बागेतली काकडी आहे, शेजाऱ्याला द्यायला?" पण ओरडायला वेळ नव्हता. लाइलला फोन लावला, उचलेना. त्याचा फोन नेहमीच गाडीत पडलेला असतो.

"चर्चच्या स्वयंपाकघरात लाव," ऑर्विल म्हणाला. "तो भांडी घासायला आहे, सहापर्यंत."

मी लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला. उचलला डोरीनने. डोरीन आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तिच्या कानावर पडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत येते. मी तोंड उघडणार तोच ऑर्विलने हात पुढे केला.

"दे इकडे. मी दिली, मीच सांगतो." त्याने फोन घेतला. "डोरीन, ऑर्विल बोलतोय. लाइलला सांग, मी दिलेलं इंजेक्शन घेऊ नको."

"कसलं इंजेक्शन?"

ऑर्विलने आर्डिसकडे बघितलं. पांढऱ्या चेहऱ्यावर एकदम रक्त चढलं, कानापर्यंत. एकतीस वर्षांत ज्याने दाढ दुखते म्हणून सांगितलं नाही तो माणूस!

"ताठरपणाचं," तो म्हणाला. मग जोरात, जणू अख्खं तळघर ऐकतंय अशा आवाजात: "पुरुषाच्या ताठरपणाचं इंजेक्शन, डोरीन! मी सकाळी घेतलं आणि आत्ता हॉस्पिटलात आहे. तू मला दिवसभर लोणी वाढताना बघितलंस ना, तेव्हा ते तसंच होतं! नवीन दुकानाचं औषध खरं आहे. जुन्याइतकं घेतलं तर माणूस मरेल. ओरडून सांग त्याला!"

पलीकडे क्षणभर नुसता नळाचा आवाज. मग रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, आणि डोरीनचा तो भजनातला खणखणीत सूर: "लाइल! ऑर्विल म्हणतोय ताठरपणाचं इंजेक्शन घेऊ नको! जुन्याइतकं घेतलंस तर मरशील!"

नळ बंद झाला. कुठलंतरी मोठं पातेलं खाली पडलं. मग खूप पावलं वाजली, एकाच माणसाची नव्हती. आर्डिसने माझा हात धरला. आम्ही तिघं त्या छोट्या फोनकडे बघत होतो.

डोरीन परत आली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ऑर्विल, लाइल ठीक आहे, अजून घेतलं नाही म्हणतोय. पण इथे त्याच्यासकट चौघं उभे आहेत. मर्लिन आहे, गॉर्डन आहे, आणि आमचा हॅरल्डसुद्धा." हॅरल्ड म्हणजे तिचा नवरा. "सगळे म्हणताहेत, सोमवारी दवाखान्यातून फोन आला होता, दुकान बदला म्हणून. तर किती घ्यायचं ते विचारताहेत. फोन कुणाला देऊ?"

ऑर्विलने फोन माझ्याकडे धरला. चौघांनाही सोमवारी फोन मीच केला होता.